दोन तिण्णैंचे मामा

आमच्या घरमालकांना कुठल्याही गोष्टीवर एक मत नव्हतं. दोन होती, आणि दोन्ही ते मोठ्यानं सांगत.

घर तंजावुरात, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी तिण्णै. तिण्णै म्हणजे बाहेरचा ओटा, येणाऱ्याजाणाऱ्यानं टेकावं म्हणून बांधलेला. मध्ये दार, आणि दाराच्या आत, उजेड पडेल तिथं माझं शिलाईचं मशीन. मी वकिलांचे काळे कोट शिवायचो. आमची ही शेजारी चटईवर बसून काजं करायची, बटणं लावायची. ऊन उतरलं की मालक बाहेर येत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, मीही मामाच म्हणतो. उघडं अंग, खांद्यावर पंचा, हातात पानाचा डबा. उजव्या तिण्णैवर बसायचे, समोरच्या विजेच्या खांबाकडे बघायचे आणि म्हणायचे, "युवर ऑनर."

खांब म्हणजे जज्ज.

उजवीकडे बसून ते एखाद्या गोष्टीच्या बाजूनं बोलत. बोलून झालं की डबा उचलायचा, पंचा झटकायचा, माझ्या मशीनपुढून डाव्या तिण्णैवर जायचं आणि त्याच गोष्टीच्या विरुद्ध बोलायचं. "तिकडच्या माझ्या विद्वान मित्रांनी आत्ता जे सांगितलं," असं म्हणून मोकळ्या तिण्णैकडे हात करायचे. तिथल्या दगडाला त्यांच्याच बुडाची ऊब अजून असायची.

ह्याला कारण होतं. मामा जन्मभर कोर्टात बेंच क्लार्क. जज्जाच्या पायाशी टेबल, दोन्हीकडे वकील, आणि मधे हे. खटल्याचं नाव पुकारायचं, कागद वर द्यायचे, खाली घ्यायचे. दोन्ही बाजू कानांत पडायच्या आणि तोंड उघडायची परवानगी नाही. पेन्शन झाली तसं ते साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं. माणसाला उचकी लागते तसं. थांबवून थांबत नाही.

विषय कुठलाही चालायचा. देवळातल्या हत्तिणीला रविवारी सुट्टी असावी की नसावी. पिठल्यात चिंच घालावी की नाही. नळाला पाणी सकाळी यावं की संध्याकाळी. एकदा पिठल्याच्या खटल्यात डावीकडचे मामा उजवीकडच्यांना म्हणाले, "विद्वान मित्रांची बायको केव्हाच वारली, ते स्वतः ताटावर बसतात तेव्हा समोर काय आहे हे मुलीला विचारतात. त्यांना चिंचेतलं काय कळणार?" दुसऱ्या दिवशी मामा आले आणि उजव्या तिण्णैवर गप्प बसून राहिले.

"मामा, आज कोर्ट नाही?" मी विचारलं.

"अपमान झालाय माझा."

"कोणी केला?"

त्यांनी हनुवटीनं डावी तिण्णै दाखवली. दोन दिवस अबोला चालला. शेवटी डावीकडे जाऊन त्यांनी बिनशर्त माफी मागितली, उजवीकडे येऊन ती घेतली, आणि मगच पान लावलं.

मधे कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. तो हिनं मोडला. हत्तिणीच्या खटल्यात मामा डावीकडून म्हणत होते की जनावराला वार कळत नाही, मग सुट्टी कशाला. ही काज करता करता, मान वर न करता म्हणाली, "मामा, ती हत्तीण आहे. बायकांना रविवार नसतोच."

मामा थांबले. खांबाकडे बघून म्हणाले, "नोंद घ्यावी." त्या दिवसापासून ते हिला अक्का म्हणायला लागले. ही त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान.

ही गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. घरात मराठी बोलायला कोणी राहिलं नाही. मुलगा कोइम्बतूरला असतो. त्याला समजतं सगळं, उत्तर तमिळमधे देतो. म्हणून लिहितो. शाळा माझी पाचवीपर्यंत, तीही तमिळ. ही अक्षरं हिनं शिकवली. तिच्या वडिलांकडे तिरुवैयारूला पोथ्या होत्या. चुका असतील त्या माझ्या.

आता मोठ्या खटल्याचं सांगतो.

नवं धोरण आलं होतं ती वर्षं. बाहेर देशांतल्या वस्तू येणार, बाहेरच्या कंपन्या येणार, असं रोज पेपरात. मद्रासेजवळ मोटारींचा एक जुना कारखाना होता. पूर्वी त्याची गाडी घ्यायची तर लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, कारण दुसरी मिळतच नव्हती. आता दुसऱ्या मिळायला लागल्या, लहान, चकचकीत, आवाज न करणाऱ्या. मग ह्या कारखान्याच्या गाड्या अंगणात उभ्या राहायला लागल्या. कामगार मोर्चे काढायचे, मालक दिल्लीला जायचे, आणि दोघं एकच मागायचे, सरकारनं हात द्यावा. मामांनी खटला दाखल करून घेतला.

उजवीकडून म्हणाले, "युवर ऑनर, इतकी वर्षं सरकारनंच ह्या कारखान्याला सांगितलं, एवढ्याच गाड्या बनव, हाच पत्रा घे, हीच किंमत लाव. पाय बांधून ठेवले. आता एका सकाळी म्हणतात, पळ, शेजारी जपानी पळतोय. बांधलेल्या पायांना निदान तेल तरी चोळाल की नाही?"

मला पटलं. मी मशीन थांबवून ऐकत होतो.

मग डबा, पंचा, डावीकडे. "विद्वान मित्रांनी पायांचं सांगितलं. तेल कोणाचं, ते सांगितलं नाही. शेजारच्या पापनाशमचा माणूस काडीपेटी घेतो, त्यात कर. रॉकेल घेतो, त्यात कर. त्यानं जन्मात मोटारीच्या दाराला हात लावलेला नाही. त्याच्या डोक्यावरचं तेल पुसून घ्यायचं आणि मद्रासेच्या मोटारीला चोळायचं?"

हेही पटलं. मामांशी हीच अडचण होती.

उजवीकडून ते कारखान्याबाहेरच्या इडलीवाल्याला उभा करायचे, खोल्या भाड्यानं देणाऱ्या म्हातारीला उभी करायचे. कारखाना गेला तर ही सगळी जातात. डावीकडून म्हणायचे, मग इडलीवाल्याला द्या की. मोटारवाल्याच्या हातातून इडलीवाल्याच्या हातात पडेपर्यंत काय उरतं, चटणी? महिनेच्या महिने हे चाललं. वकील कोटाचं माप द्यायला यायचे आणि ऐकत उभे राहायचे. दोनचार मुद्दे त्यांनी कोर्टातही वापरले असतील.

माझं मत कोणी विचारलं नव्हतं, तरी एकदा मी सांगितलं. म्हटलं, "मामा, बाजारात तयार पँटी आल्या तेव्हा आमच्या गल्लीतले चार शिंपी उठले. दिल्लीला कोण गेलं होतं? मला कोणी विचारलं, मास्टर, तुझं काय?"

मामा उत्तर देणार, तर हीच म्हणाली, "तुम्हाला भोंगा नाही. कारखान्याला भोंगा असतो. तो बंद झाला की सगळ्या गावाला कळतं. तुमचं मशीन बंद पडलं तर मला एकटीला कळेल."

मी मशीन पुन्हा चालू केलं. ती बोलली ते खरं होतं म्हणून नव्हे. ती माझ्या बाजूनं बोलली की विरुद्ध, ते मला कळलं नाही. मामांनाही कळलं नाही. त्यांनी पुन्हा "नोंद घ्यावी" म्हटलं आणि पान लावलं.

मामांना एकच मुलगी, मंगळा. कोर्टासमोर एका खोलीत टायपिंग करायची. अबोल. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करायची आणि संध्याकाळी घरी येऊन बापाची ऐकायची, मग ती काय बोलणार. मराठी बोलणारी आमची घरं इकडे मोजकी, त्यातून जमणारं स्थळ म्हणजे नशीब. तिशी जवळ आली तेव्हा एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी, नोकरी मद्रासेकडे.

"कुठं नोकरी?" मामांनी विचारलं.

त्याच कारखान्यात. गाड्यांना दारं बसवायचा.

मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा असे तिघं बघायला आले. मंगळेनं सोज्जी केली, म्हणजे रव्याचा शिरा, आणि भजी केली. हिनं माझं मशीन आत ढकललं आणि पाहुण्यांना चटई टाकली. मुलाचा मामा जाडजूड, घामाघूम. त्याला वाटलं, आता पत्रिका निघतील. आमचे मामा उजव्या तिण्णैवर बसले आणि खांबाकडे बघून म्हणाले, "युवर ऑनर, मुलगा उत्तम आहे. शांत आहे, कष्टाळू आहे, आईला धरून आहे." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग मामांनी डबा उचलला, पाहुण्यांच्या मधून डावीकडे गेले आणि म्हणाले, "सदर मुलाचा कारखाना बुडालेला आहे. उद्या हा हात हलवत दारात येईल. ही मुलगी देणं म्हणजे वाळूत तूप ओतणं आहे."

मुलाच्या मामानं भजं खाली ठेवलं आणि माझ्या कानाशी आला. "ह्यांना बरं नाही का?"

"बरं असतं तेव्हाच असं करतात," मी म्हटलं.

मामांनी मुलाला साक्षीला बोलावलं. तो उभा राहिला.

"सरकार मदत देईल?"

"ठाऊक नाही."

"द्यावी का?"

"मला विचाराल तर द्यावी. माझी नोकरी आहे."

"तुझ्याजवळ पैसे असते तर तुझ्या कारखान्याची गाडी तू घेतली असतीस?"

मुलानं आईकडे बघितलं. मग म्हणाला, "नाही."

"का?"

"दार नीट लागत नाही."

"दार बसवतं कोण?"

"मी."

ही आत तोंडावर पदर धरून बसली. मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "मी सरळच बसवतो. पत्रा साच्यातून वाकडा येतो. साचा माझ्या जन्माआधीचा आहे. मी रोज सांगतो, ते रोज म्हणतात, जोरात आपट." आणि खिडकीतून हसण्याचा आवाज आला. मंगळेचा. दहा वर्षं त्या घरात राहून मी तो पहिल्यांदा ऐकला. मामांनीही बहुतेक बऱ्याच दिवसांनी ऐकला असेल, कारण पुढचा प्रश्न ते विसरले.

पाहुणे जाताना सांगून गेले, मार्गळीच्या आत काय ते कळवा. मार्गळी महिन्यात आमच्याकडे लग्नाचं काही होत नाही. मग ते दुसरीकडे बघणार होते, आणि त्यांचं चूक नव्हतं.

आता मामांची खरी पंचाईत झाली. रोज संध्याकाळी उजवीकडे, डावीकडे. द्यावी, देऊ नये. गुडघा सुजला तरी जाणंयेणं चालूच. हत्तिणीचा खटला कितीही दिवस लांबला तरी हत्तिणीचं काही अडत नव्हतं. इथं मंगळा रोज कामावरून यायची, दोघांच्या मधून, म्हणजे बापाच्याच मधून, मान खाली घालून आत जायची. हळूहळू ती दोन्ही तिण्णैंशी बोलायची बंद झाली. भात वाढायची आणि उठून जायची. सरकारनं मदत द्यावी की नाही हे मामांना जेवढं नीट मांडता यायचं, तेवढंच ते इथं अडकायचे. कोर्टात शेवटी जज्ज होता. दोन्ही बाजू संपल्या की तो एकीकडे बोट करायचा आणि सगळे घरी जायचे. खांब बोट करीत नव्हता.

मार्गळी तोंडावर आली तेव्हा एके दिवशी मामा माझ्या मशीनशी येऊन उभे राहिले. हिला म्हणाले, "अक्का, हा खांब काही बोलत नाही. निकाल तुम्ही द्या."

"मी काय शिकलेली आहे?"

"खांब कुठं शिकलाय?"

ही म्हणाली, "थांबा, हातातलं काज पुरं करते." केलं. दातानं दोरा तोडला. सुई पदराला खोचली. मग म्हणाली, "मामा, उजवीकडे बसून द्यावी म्हणता तेव्हा तुम्ही खिडकीकडे बघता. डावीकडे बसून देऊ नये म्हणता तेव्हा खांबाकडे बघता. खिडकीत मंगळा असते. मग राहिलं काय?"

"हा पुरावा होत नाही."

"मग निकाल ऐका. मुलगी द्या."

"कारणं सांगा. निकालाला कारणं लागतात."

"तो ठाऊक नाही म्हणाला, हे कारण. तुम्हाला सगळं ठाऊक असतं, दोन्हीकडचं. तुमच्याजवळ कोण बसेल? ठाऊक नाही म्हणणाऱ्या माणसाजवळ बाई दोन घटका बसू शकते."

"आणि कारखाना बुडाला तर?"

"बुडू द्या. सगळ्या गावाचं तेल ओतायचं असेल तर गावाला विचारा, मामा. घरचं ओतायला कोणाला विचारता?"

मामा उभे राहिले. कोर्टात जज्ज उठल्यावर वाकायचे तसे हिच्यापुढे वाकले, पाठ न दाखवता मागे सरकले आणि माझा बटणांचा डबा लवंडून बसले. आम्ही सगळी मंडळी ओणवून बटणं वेचत होतो. मंगळाही आली वेचायला. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

पोंगल होऊन तै महिना लागला आणि लग्न ठरलं. इकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जानवसम असतो. नवऱ्या मुलाला सूट घालून, मोटारीत बसवून, नादस्वर वाजवत देवळापासून मांडवापर्यंत मिरवीत आणायचं. सूट मी शिवला होता, माझ्या हातचा सर्वांत चांगला. एका वकिलानं आपली नवी कोरी लहान मोटार देऊ केली, फुकट, आत गार वारा येणारी. मामांनी हात जोडले. "माझ्या जावयाच्या पोटावर पाय देणाऱ्या गाडीत जावयाला बसवू? ते नाही व्हायचं. एक दिवस तरी आपण त्या कारखान्याला आधार देऊ." आणि तिरुवैयारूच्या टॅक्सीस्टँडवरून त्यांनी त्याच कारखान्याची एक जुनी गाडी भाड्यानं आणली. झेंडूच्या माळांनी ती इतकी झाकली की रंग कुठला ते कळेना.

देवळापासून निघालो. पुढे नादस्वर, मग गाडी, मागे आम्ही. राजवाड्याच्या कोपऱ्यावर गाडी दोनदा खोकली आणि उभी राहिली. ड्रायव्हरला काही विशेष वाटलं नाही. खिडकीतून तोंड काढून म्हणाला, "ढकला."

नवरा मुलगा उतरायला गेला तर दार उघडेना. आतून उघडेना, बाहेरूनही उघडेना. आम्ही ओढलं, ड्रायव्हरनं लाथ मारली. जावई काच खाली करून, हात बाहेर काढून बिजागरीशी चाचपडत होता. सगळी वरात वाकून बघतेय. तो गंभीरपणे म्हणाला, "हे दार माझं नाही. हे डावीकडचं आहे. मी उजवीकडची बसवतो."

मग तो सरकत पलीकडे गेला आणि उजव्या दाराची मूठ दाबली. ते दार लोण्यासारखं उघडलं. मी त्या माणसाला पुढे अनेक वर्षं पाहिलं, पण तेवढा ताठ उभा राहिलेला पुन्हा पाहिला नाही. त्यानं कोट काढून माझ्या हातात दिला, घडी मोडू नका म्हणाला, आणि गाडीच्या मागे येऊन ढकलायला लागला. त्याची आई कपाळाला हात लावून उभी. जानवसमात नवरा मुलगा मोटारीच्या आत असावा हे शास्त्र, मागे असला तर काय, हे भटजींना आठवेना. नादस्वरवाला मागे वळून बघायचा आणि वाजवीत राहायचा.

मामाही ढकलत होते, धोतर वर खोचून, जावयाच्या शेजारी. ही बायकांतून पुढे आली आणि म्हणाली, "मामा, आता कुठल्या बाजूनं बोलता?"

मामा धापा टाकत म्हणाले, "अक्का, ढकलताना बोलता येत नाही."

मांडवापर्यंत ढकलतच नेली.

पुढे सरकारनं कारखान्याला खरोखरच थोडा हात दिला. काही कर माफ केला, कचेऱ्यांसाठी काही गाड्या घेतल्या. त्यावर कारखाना थोडे दिवस चालला. तेवढ्यात मंगळेला मुलगी झाली. मग कारखान्याला कुलूप लागलं. मामा उजवीकडून म्हणाले, दिलं म्हणून एवढे दिवस तरी मिळाले. डावीकडून म्हणाले, दिलं तरी शेवटी गेलाच. खटला संपला, असं आम्हाला वाटलं.

तर एका सकाळी पेपर घेऊन मामा गल्लीच्या मधोमध उभे. कुठल्याच तिण्णैवर नाहीत. सायकलवाले घंटा वाजवून बाजूनं जात होते. मद्रासेजवळ परदेशी कंपनीचा नवा कारखाना येणार होता आणि त्याला सरकार जमीन देणार होतं, रस्ता देणार होतं, वीज देणार होतं, कर सोडणार होतं.

"मास्टर," ते मला म्हणाले, "बुडणाऱ्याला हात द्यावा, असं मी उजवीकडून म्हणालो. देऊ नये, असं डावीकडून म्हणालो. पण पोहणाऱ्याला होडी द्यावी, असं तर दोन्हीकडून कोणी म्हटलं नव्हतं."

"तिसरी तिण्णै बांधा," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

जावई त्या नव्या कारखान्याच्या भरतीलाही जाऊन आला. त्यांना नुकती शिकून निघालेली कोवळी पोरं हवी होती. मग एक दिवस तो, मंगळा आणि लहान पोर, ट्रंक घेऊन तंजावूरच्या गाडीतून उतरले. उजव्या तिण्णैवर तो बसला आणि मान खाली घातली ती वर केली नाही. मंगळा पोरीला घेऊन खिडकीत. तिचा चेहरा मी बघितला नाही, हिनं बघितला असेल.

त्या संध्याकाळी नेमका एक वकील कोट न्यायला आला. वाईट माणूस नव्हता, पण जिभेला धार. त्याच्यामागे शेजारचे दोघंतिघं उभे राहिले. सगळ्यांना माहीत होतं आता मजा येणार.

वकील म्हणाला, "मामा, सरकारनं सोडलेला कारखाना तुम्ही घरी आणलात की. आता सांगा, आधार द्यावा की देऊ नये? आज दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय जात नाही."

मामांनी डबा उचलला. पंचा झटकला. जावयापुढून, माझ्या मशीनपुढून डाव्या तिण्णैवर जाऊन बसले. खांबाकडे बघितलं. "युवर ऑनर," म्हणाले. ही काज करत होती, तिचा हात थांबला. मला पक्कं आठवतं, कारण तिचा हात सहसा थांबत नसे.

मामांचं तोंड उघडं राहिलं. शब्द येईना. एवढी वर्षं त्यांचा शब्द अडला नव्हता. वकील हसायला लागला. मामा उठले, परत उजवीकडे आले आणि जावयाला खेटून बसले. पान लावलं, त्यात स्वतःला लागते तशी भरपूर सुपारी घातली, आणि जावयाच्या हातावर ठेवलं.

मग वकिलाला म्हणाले, "साहेब, ह्या प्रकरणात मी पक्षकार आहे. पक्षकारानं वकिली करू नये. तुमचा कोट तयार आहे, घेऊन जा."

वकील कोट घेऊन गेला. शेजारीही गेले. जावयानं पान खाल्लं, त्याला सवय नव्हती, ठसका लागला. मामा त्याच्या पाठीवर थापटत बसले. ही उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे जावयाला पापनाशमच्या रस्त्यावर बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमधे काम लागलं. दारं बसवायचं. तोपर्यंत तो किती दिवस घरी होता हे मामांनी कोणाला मोजू दिलं नाही. इतर खटले चालू राहिले. हत्तीण, नळ, पिठलं. जावयाचा खटला पुन्हा उभा राहिला नाही. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ही गेली तेव्हा माणसं भेटायला आली, अजून येतात. तिण्णैवर बसतात आणि बोलतात. एक म्हणतो, मद्रासेला न्यायला हवं होतं, तिथं मोठे डॉक्टर आहेत, वाचली असती. दुसरा म्हणतो, बरं झालं नेलं नाही, नळ्या लावून ठेवली असती, निदान घरी गेली. दोघांकडे कारणं असतात. चांगली असतात. मी कापड कापत राहतो. परवा एकानं विचारलंच, मास्टर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?

मी म्हटलं, मला विचारू नका. ती माझी बायको होती.